'सेन्स'चे शब्दकुल आणि मूळार्थाचा मोह

लॅटिन धातू कळला की त्यापासून निघालेले इंग्रजी शब्द आपोआप कळतात, अशी एक समजूत आपल्याकडील इंग्रजीच्या अध्ययनात फार दिवसांपासून रुजलेली आहे. नॉर्मन लुईस यांचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' हे १९४९ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांच्या हाती आजही दिसते. त्याची रचना बव्हंशी याच तत्त्वावर उभी आहे. शब्दसंग्रह वाढविण्याचे साधन म्हणून या पद्धतीची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु जुना ग्रंथ वाचावयाचा असतो, त्याचे भाषांतर करावयाचे असते, किंवा समीक्षेची परिभाषा घडवावयाची असते, तेव्हा हीच पद्धती वाचकाला आत्मविश्वासाने चुकीच्या वाटेने नेते. न समजलेला शब्द निदान कोशात पाहिला जातो. समजला असे वाटलेला शब्द कोणी पाहत नाही.

या धोक्याची सविस्तर चिकित्सा सी. एस. लुईस यांनी 'स्टडीज इन वर्ड्स' (१९६०) या ग्रंथात केली. (दोघा लुईसांचे आडनाव एक आहे एवढ्यावरून त्यांच्या मतांविषयी काही अनुमान काढता येत नाही, ही गोष्ट प्रस्तुत विषयाला अगदीच अप्रस्तुत नाही.) त्यांच्या आधी नऊ वर्षे विल्यम एम्प्सन यांचा 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स' (१९५१) हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. दोघांनीही 'सेन्स' या शब्दाला आपल्या विवेचनात मोठे स्थान दिले. एम्प्सन यांनी तर त्यावर एकाहून अधिक प्रकरणे खर्ची घातली. एकाच शब्दाविषयी दोन समर्थ समीक्षकांनी दोन निराळ्या दिशांनी विचार करावा, असा योग क्वचित येतो. म्हणून 'सेंतिरे' या लॅटिन धातूपासून निघालेले शब्दकुल हे या दोन्ही पद्धतींच्या परीक्षणाला सोयीचे क्षेत्र आहे.

मूळार्थाचा प्रश्न भारतीय शास्त्रपरंपरेला नवा नाही. सर्व नामे धातुजन्य आहेत हे शाकटायनाचे मत यास्काने निरुक्तात स्वीकारले. पण त्याचबरोबर गार्ग्याचा आक्षेपही प्रामाणिकपणे नोंदवून ठेवला. मार्ग व्यापतो म्हणून 'अश्व' असे म्हणावे, तर मार्ग व्यापणाऱ्या प्रत्येक वस्तूला अश्व का म्हणू नये, असा तो आक्षेप आहे. यास्काने त्याला उत्तर दिले खरे, परंतु आक्षेपाचे बळ उत्तरानंतरही उरतेच. पुढे मम्मटाने 'कुशल' हा शब्द रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून घेतला: कुश आणणारा हा मुख्यार्थ बाधित होऊन निपुण हा अर्थ येतो, असे त्याचे म्हणणे. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने यावर जी हरकत घेतली ती आधुनिक अर्थविचाराच्या कोणत्याही ग्रंथात शोभून दिसेल. शब्दाचे व्युत्पत्तिनिमित्त वेगळे आणि प्रवृत्तिनिमित्त वेगळे. निपुण हाच 'कुशल'चा मुख्यार्थ, कुशाचा तेथे संबंध नाही. व्युत्पत्तीलाच मुख्यार्थ मानले तर जाण्याचा अर्थ असलेल्या धातूपासून निघालेली 'गो' निजली आहे असे म्हणतानाही लक्षणा मानावी लागेल! ही दोन निमित्तांची वाटणी पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

'सेंतिरे' या क्रियापदाचा अर्थ लॅटिनमध्येच एक नव्हता. इंद्रियांनी जाणणे, अनुभवणे, मनाला वाटणे, मत असणे, इतका त्याचा विस्तार होता. त्यापासून झालेले 'सेन्सुस' हे नाम इंद्रियशक्तीपासून शब्दाच्या अर्थापर्यंत पोचले. 'सेंतेंतिया' मताकडे, सभेतील अभिप्रायाकडे आणि सुभाषिताकडे गेले. इंग्रजीत हे शब्द काही फ्रेंचमधून, काही थेट लॅटिनमधून, निरनिराळ्या शतकांत आले. म्हणजे एक धातू आणि त्याची शिस्तीत वाढलेली संतती असे चित्र मुळातच खरे नाही. एकाच घराण्यातील माणसे निरनिराळ्या काळी निरनिराळ्या गावांहून येऊन एका वाड्यात राहावीत, तसा हा प्रकार आहे.

सी. एस. लुईस यांनी 'सेन्स'चे दोन मुख्य अर्थ मानले. एक व्यावहारिक शहाणपणाचा, दुसरा इंद्रियज्ञानाचा. यांतील एकापासून दुसरा निघाला असे न मानता दोन्ही अनुभवण्याच्या मूळ कल्पनेपासून स्वतंत्रपणे फुटले असे ते प्रतिपादतात. शब्दाचा अर्थविकास त्यांच्या मते अळीचे फुलपाखरू होण्यासारखा नसून वृक्षाला फांद्या फुटण्यासारखा असतो: नवी फांदी आली म्हणून जुनी गळून पडते असे नाही. या उपमेइतकीच त्यांची 'घातक अर्थ' ही संज्ञा मोलाची आहे. शब्दाचा आज सर्वांत प्रचलित असलेला अर्थ जुन्या वाक्यात बरा बसतो, वाक्य निरर्थक होत नाही, आणि म्हणूनच वाचक फसतो. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधील खाणावळवाला यात्रेकरूंना सांगतो की ज्याच्या कथेत सर्वांत चांगला 'सेंटेन्स' आणि सर्वांत अधिक रंजन असेल त्याला मेजवानी मिळेल. आजचा विद्यार्थी येथे वाक्यरचनेच्या सौंदर्याची स्पर्धा कल्पितो. चॉसरला अभिप्रेत आहे ते कथेतील सारभूत अर्थ, बोध. न्यायालयातील शिक्षा आणि व्याकरणातील वाक्य हे दोन्ही अर्थ त्याच 'सेंतेंतिया'चे. पहिल्यात न्यायाधीशाचे मत आहे. दुसऱ्यात पूर्ण होणारा आशय आहे.

हे सर्व विवेचन प्रशंसनीय आहे. तथापि वृक्षाच्या उपमेत एक उणीव राहते. फांद्या खोडापासून फुटतात हे ती सांगते. फांद्या एकमेकींचा उजेड अडवितात, हे तिच्यातून पुरेसे दिसत नाही. लुईस यांचे लक्ष बहुतेक ठिकाणी एका शब्दाच्या कालक्रमाने झालेल्या विस्तारावर असते, एकाच काळी शेजारी नांदणाऱ्या सख्ख्या शब्दांनी परस्परांना कोठे ढकलले यावर तितके नसते. ज्याला आडवा संबंध म्हणता येईल तो त्यांच्या विवेचनात येतो, पण तत्त्व म्हणून येत नाही. वस्तुतः मिशेल ब्रेआल यांनी १८९७ सालच्या आपल्या अर्थविचारावरील ग्रंथातच हे तत्त्व सांगून ठेवले होते. जवळपास समानार्थी असलेले शब्द भाषेत तसेच राहत नाहीत. बोलणारे त्यांच्यात अर्थाची वाटणी करतात.

'सेन्सिबल' आणि 'सेन्सिबिलिटी' ही जोडी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. रूपाकडे पाहता दुसरे पहिल्याचे भाववाचक नाम. मूळार्थवादी वाचकाला त्यांच्यात विरोध असू शकेल अशी शंकाही येणार नाही. पण आजच्या इंग्रजीत सेन्सिबल मनुष्य म्हणजे व्यवहारी, समंजस मनुष्य. आणि सेन्सिबिलिटी म्हणजे भावनेची हळुवार, तत्पर ग्रहणशक्ती. विशेषण एका तीरावर आणि त्याचे नाम दुसऱ्या तीरावर! फ्रेंचमध्ये मात्र असे झाले नाही. तेथे त्याच घडणीचे विशेषण आजही हळव्या मनुष्याचे वर्णन करते. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात 'सेन्सिबल'चा समंजस हा अर्थ दिलेला आहे. परंतु तो हलक्या बोलण्यात कधीमधी आढळतो अशा तुच्छतेच्या शेऱ्यासह. म्हणजे आज जो प्रमुख अर्थ आहे तो त्या काळी शिष्ट कोशकाराला खटकत होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'सेन्सिबिलिटी' हा शब्द फॅशनच्या शिखरावर पोचला. हॅना मोर यांनी १७८२ साली त्याच शीर्षकाची कविता प्रसिद्ध केली, आणि अश्रू ढाळण्याची क्षमता हे सुसंस्कृतपणाचे लक्षण ठरले. नामाने भावनेचे क्षेत्र इतके व्यापल्यावर विशेषणाकडे शहाणपणाचा अर्थ उरला, आणि हळवेपणासाठी पुढे 'सेन्सिटिव्ह' हे दुसरे भावंड कामाला आले. हे 'सेन्सिटिव्ह' पूर्वी मध्ययुगीन तत्त्वज्ञांच्या परिभाषेत पशूंच्या इंद्रियजीवी आत्म्याचे विशेषण होते. जी जागा रिकामी झाली ती त्याने भरली, एवढेच.

जेन ऑस्टिन यांच्या १८११ सालच्या कादंबरीचे 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' हे शीर्षक या वाटणीच्या ऐन मध्यावर उभे आहे. एकाच धातूचे दोन शब्द 'आणि'ने जोडून त्यांत विरोध सुचविण्याची किमया त्याच काळात शक्य होती. लेखिका स्वतः 'सेन्सिबल' हा शब्द समंजस आणि जाणीव असलेला अशा दोन्ही अर्थांनी वापरते. म्हणून एलिनॉर म्हणजे केवळ विवेक आणि मॅरियन म्हणजे केवळ भावना, हा पाठ्यपुस्तकी निवाडा शब्दांच्या पातळीवरसुद्धा टिकत नाही. एलिनॉरचे दुःख मॅरियनच्या दुःखाहून कमी नाही. ते बोलून दाखविले जात नाही.

वाटणीचे याहूनही जाणीवपूर्वक झालेले उदाहरण मिल्टन यांचे आहे. 'सेन्शुअल' या शब्दाला विषयलोलुपतेचा वास येऊ लागल्यामुळे त्यांनी १६४१ साली 'सेन्शुअस' हा नवा शब्द घडविला, आणि तीन वर्षांनी शिक्षणावरील आपल्या निबंधात काव्याचे वर्णन करताना तो पुन्हा वापरला. काव्य इंद्रियांना प्रतीत होणारे असावे, पण इंद्रियांच्या आहारी गेलेले नसावे, हा भेद त्यांना करावयाचा होता. कोलरिज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा शब्द पुन्हा प्रचारात आणला. आता या दोन शब्दांचा भेद धातूत आहे असे कोणी म्हणू शकेल काय? प्रत्ययांतही तो नाही. एका प्यूरिटन कवीला काव्याची अब्रू राखावयाची होती, त्या गरजेत तो आहे. आजच्या जाहिरातींच्या इंग्रजीत 'सेन्शुअस' पुन्हा 'सेन्शुअल'कडे घसरत चालला आहे हे पाहून मिल्टन यांना काय वाटले असते, याची कल्पना करणे अवघड नाही.

एम्प्सन यांची भूमिका लुईस यांच्या नेमकी उलट टोकाची आहे. लुईस मानतात की संदर्भ शब्दाच्या नको असलेल्या अर्थांना रोखून धरतो. वाचकाच्या मनात ते येतही नाहीत. एम्प्सन मानतात की दबलेले अर्थ शब्दात जिवंत राहतात आणि एकमेकांशी समीकरणे जुळवून, वक्त्याच्या नकळत, एखादा सिद्धान्तच सांगून जातात. पोप यांच्या समीक्षाविषयक काव्यात 'विट' हा शब्द जेथे जेथे येतो तेथे तेथे विनोदाची छटा कोठेतरी असतेच, असे त्यांचे धाडसी विधान आहे. ते सर्वत्र पटण्यासारखे नाही. त्यांची बीजगणितासारखी चिन्हेही वाचकाला मदत करण्यापेक्षा अडवितात अधिक. परंतु शेक्सपिअर यांच्या 'मेझर फॉर मेझर'चे त्यांनी केलेले वाचन मात्र मान्य करावे लागते. इझाबेला भावाच्या प्राणांसाठी अँजेलोपुढे युक्तिवाद करते, आणि तिच्या बोलण्यातील 'सेन्स'ने आपला 'सेन्स' चाळवला, असे तो स्वगत म्हणतो. पहिला 'सेन्स' अर्थाचा, विवेकाचा, दुसरा वासनेचा. लुईस यांच्या नियमाप्रमाणे संदर्भाने दोघांत भिंत उभी करावयास हवी. येथे कवीने ती मुद्दाम पाडली आहे. तिचा विवेकच त्याच्या वासनेला जागवतो, हे अँजेलोच्या अधःपाताचे भयानक स्वरूप त्या एका शब्दाच्या द्विरुक्तीत साठले आहे.

एम्प्सन यांच्या पद्धतीला पडणारी मर्यादा येथूनच दिसते. १६०४ च्या सुमारास एकवचनी 'सेन्स' या शब्दात वासना मावत होती. दोनशे वर्षांनी ऑस्टिन यांच्या शीर्षकातील 'सेन्स'मध्ये वासनेचा लवलेशही ऐकू येत नाही. तो अर्थ तोवर 'सेन्शुअल'च्या वाट्याला पूर्णपणे गेला होता. म्हणजे शब्दाची 'रचना' ही शब्दाच्या आत कायमची बसलेली वस्तू नाही. भावंडांनी कोणते अर्थ नेले आणि कोणते ठेवले यावर ती त्या त्या काळी ठरते. लुईस यांना उभा इतिहास दिसला, एम्प्सन यांना एका क्षणीचा अंतर्गत ताण. विश्वनाथाच्या भाषेत प्रवृत्तिनिमित्त कोण ठरवितो याचे उत्तर या दोहोंच्या मधल्या जागेत आहे. रेमंड विल्यम्स यांनी 'कीवर्ड्स' (१९७६) मध्ये 'सेन्सिबिलिटी'ची नोंद करताना शब्दामागील सामाजिक वर्गांकडे लक्ष वेधले, हे या दिशेने टाकलेले पाऊल होय.

'सेंटिमेंटल'ची कथा थोडक्यात सांगता येते, पण ती टाळू नये. लॉरेन्स स्टर्न यांचे 'अ सेंटिमेंटल जर्नी' १७६८ साली निघाले. मेथॉडिस्ट धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी १७७२ साली ते चाळून आपल्या रोजनिशीत चिडून लिहिले की हा शब्द मुळी इंग्रजीच नाही. वेस्ली लॅटिन उत्तम जाणत होते. धातू ठाऊक असूनही शब्द कळला नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता? जर्मन भाषांतरकाराला लेसिंग यांनी जो सल्ला दिला तो शहाणपणाचा होता. इंग्रज लेखकाने नवा शब्द केला, तर जर्मनमध्येही स्वभाषेच्या धातूपासून नवा शब्द करण्यास हरकत नाही. त्यातून 'एम्फिंड्साम' हा शब्द रुजला आणि पुढे एका संपूर्ण वाङ्मयीन प्रवृत्तीला त्याने नाव दिले.

उपसर्गयुक्त शब्दांपैकी 'रिझेंट'चा अर्थ सतराव्या शतकात केवळ तीव्रतेने जाणवणे असा होता, उपकारांची जाणीवही त्यात येई. आज फक्त राग आणि सल उरला. सुगंधवाचक 'सेंट' हा शिकारी कुत्र्यांच्या संदर्भातून आलेला शब्द याच कुळातला. त्याच्या इंग्रजी वर्णविन्यासात सतराव्या शतकात एक निष्कारण 'सी' शिरल्याने तो आज परका दिसतो, इतकेच.

'असेंट', 'कन्सेंट', 'डिसेंट' यांचे मात्र आपल्याशी प्रत्यक्ष नाते जडले आहे. मराठीत त्यांना अनुमती, संमती आणि विमती हे शब्द मिळाले. उपसर्ग सारखाच अर्थ देतात, परंतु धातू निराळा: तेथे अनुभवणे, येथे मनन करणे. व्यवहारात या भेदाने काहीही अडत नाही. संसदेच्या विधेयकाला राष्ट्रपती अनुमती देतात तेव्हा त्यांनी ते अनुभवले की मनन केले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. पण १८९१ साली 'संमतिवया'च्या कायद्यावरून महाराष्ट्रात जो वाद पेटला त्यात हा शब्द साधा राहिला नव्हता. त्या कायद्याने ही वयोमर्यादा दहावरून बारावर नेली. त्याखालील मुलीशी संभोग, तिची संमती असो वा नसो आणि करणारा पती का असेना, गुन्हा ठरला. टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला, भांडारकरांनी धर्मशास्त्राच्याच आधाराने कायद्याची बाजू मांडली. वादाचा भर शास्त्रावर आणि सरकारच्या अधिकारावर होता. 'कन्सेंट' म्हणजे एकत्र अनुभवणे, 'संमती' म्हणजे एकमताने मानणे, हे दोन्ही मूळार्थ दहा वर्षांच्या मुलीपुढे ठेवून पाहिले की त्यांची क्रूर थट्टा होते. कायद्याला अभिप्रेत अर्थ निषेधात्मक होता: जिची संमती ही संमतीच नव्हे असे वय. पुढे १९५७ साली कॅलिफोर्नियातील एका न्यायनिर्णयाने वैद्यकीय व्यवहारात माहितीपूर्ण संमतीची कल्पना पुढे आणली. तेव्हा त्याच शब्दात रुग्णाला काय सांगितले गेले होते याचीही गणना होऊ लागली. धातू तोच, उपसर्ग तोच. बदलली ती संमती मागणाऱ्याची जबाबदारी.

मराठी समीक्षेची परिभाषा याच शब्दकुलाच्या छायेत वाढली, आणि येथे वाटणीचे काम अपुरे राहिले आहे. 'विद्' या धातूपासून वेद, विद्या, विद्वान, निवेदन आणि वेदना हे सर्व शब्द झाले. इंग्रजीतील 'विट' हाही दूरच्या नात्याने त्याच घराण्यातला. गुडघ्याच्या वेदनांची तक्रार करणाऱ्या मराठी मनुष्याला त्यात ज्ञान ऐकू येत नाही, आणि येण्याचे कारणही नाही. 'संवेदना' हा शब्द मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारात इंद्रियद्वारा होणाऱ्या रंग-ध्वनींच्या प्रतीतीसाठी येतो. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) वाचताना तो याच अर्थाने घेतला पाहिजे. परंतु 'संवेदनशीलता' हा शब्द मराठीत ऑस्टिन यांच्या 'सेन्सिबिलिटी'लाही चालतो आणि टी. एस. एलियट यांच्या 'सेन्सिबिलिटी'लाही. एलियट यांनी १९२१ साली मेटाफिजिकल कवींवर लिहिताना या शब्दाने विचार आणि भावना यांची एकसंध शक्ती सुचविली होती, आणि सतराव्या शतकात ती दुभंगली असे म्हटले होते. ऑस्टिन यांच्या शीर्षकात जो शब्द विवेकाच्या समोर उभा आहे तोच एलियट यांच्या निबंधात विवेकाला पोटात घेतो. दोन्ही ठिकाणी 'संवेदनशीलता' लिहिणारा समीक्षक वाचकाला परस्परविरुद्ध गोष्टी एकाच नावाने देतो. शिवाय वृत्तपत्रांतून मतदान केंद्रे आणि दंगलग्रस्त वस्त्याही आता 'संवेदनशील' झाल्या आहेत, शोकसभेत 'शोकसंवेदना' व्यक्त होतात. एलियट यांच्या अर्थासाठी 'संवेदनस्वभाव' हा शब्द राखून ठेवणे आणि ऑस्टिन यांच्यासाठी 'हळवेपणा', 'भावाकुलता' यांसारखे घरचे शब्द निःसंकोच वापरणे, एवढे तरी पाठ्यक्रमातील टिपणांत आणि भाषांतरांत सहज करता येण्यासारखे आहे. लेसिंग यांनी बोडे यांना दिलेला सल्ला याहून निराळा नव्हता.